कुमसाराचा दुभाषी

शके १७१३, माघ वद्य ५, रविवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. दिवसभर तोफखान्यात एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगून जीभ झिजते आणि घरी आल्यावर स्वतःचं बोलायला काही उरत नाही. मार्था म्हणते, "तुम्ही बाहेर पोपट आणि घरात मुके." बायको नेहमी खरं तेच बोलते अशातला भाग नाही, पण हे खरं आहे. निदान कागदावर तरी माझं म्हणून काही असावं.

निमित्त नव्या पाद्रींचं. पाद्री आगुस्तीन लिस्बनहून गोव्याला आले आणि पौषात तिथून पुण्याला. आमची इगर्ज म्हणजे नागझरीपलीकडे कुडाच्या चार भिंती, वर गवताचं छप्पर आणि एक लाकडी क्रूस. आजवर आलेला प्रत्येक पाद्री हे छप्पर पाहून पावसाळ्याच्या आत परत गेला. हे टिकतील असं वाटतं. आवाज गोड आहे, आणि समोरच्याकडे असं पाहतात की त्याला वाटावं, यांना आपल्यावाचून दुसरं कुणी नाही. अडचण एकच. त्यांना मराठी येत नाही आणि कोकणीही येत नाही. आमची मंडळी म्हणजे श्रीमंतांच्या तोफखान्यातले गोव्याकडचे गोलंदाज आणि त्यांची बायकामुलं. त्यांना फिरंगी भाषा येते ती शिव्यांपुरती. दोन्हीकडचं नीट बोलणारा मी एकटाच. हे गर्वाने लिहीत नाही. बरं, थोडं गर्वानेच लिहितो, इथे कोण वाचणार आहे?

आज पाद्रींनी संत पावलाची शिकवण सांगितली. देवाचा आत्मा प्रत्येकाला काहीतरी दान देतो. कुणाला दुखणं बरं करण्याचं, कुणाला शहाणपणाचं, कुणाला परकी भाषा बोलण्याचं, कुणाला त्या भाषेचा अर्थ सांगण्याचं. ते दान स्वतःसाठी नसतं, सगळ्या मंडळीच्या सेवेसाठी असतं. उपवासाचे दिवस लागायच्या आत प्रत्येकाने आपलं दान ओळखून त्यांच्याकडे यावं, असं ते म्हणाले.

मी शेजारी उभा राहून मराठीत सांगत होतो. अर्थ सांगण्याच्या दानापाशी आल्यावर ते थांबले आणि माझ्याकडे वळले. सगळी इगर्ज माझ्याकडे बघायला लागली. माझे कान तापले. चाळिशी उलटल्यावर कळलं, की मी पोटासाठी जे करत आलो ते देवाने दिलेलं होतं. वीस वर्षं फिरंगी कप्तानाचे हुकूम आणि कारकुनांची कटकट इकडून तिकडे वाहिली, पण ही हमाली आहे असंच मी समजत होतो.

परत येताना मार्था म्हणाली, "पाद्रींनी तुमच्याकडे पाहिलं ते मी पाहिलं. बाजारात बैल घेताना दात बघतात, तसं."

तिचा स्वभावच असा. कौतुक माझं होतं म्हणून तिला टोचलं असेल.

माघ वद्य १०

मंडळी आपापलं दान घेऊन पाद्रींकडे येत आहेत. मी मध्ये बसून सांगतो. करमणूक होते. एकाचं म्हणणं, त्याला स्वप्नं खरी पडतात. पाद्रींनी त्याला इगर्जीची राखण दिली.

साल्वादोर आला. हा माझा कुंपार. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरणारा धर्मपिता मी, तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांना कुंपारच म्हणतो. त्याआधीही, नागझरीत एकत्र मासे धरायचो तेव्हापासून, आमचं सख्ख्या भावासारखं आहे. मला म्हणाला, "कुंपार, मला येतं काय? तोफ डागणं. ते देवाच्या काय कामाचं?" मी पाद्रींना त्याच्या रबेकाबद्दल सांगितलं. त्याच्या बापाचं ते चार तारांचं वाद्य तो असं वाजवतो की शेजारचे गोसावीसुद्धा कुडाबाहेर उभे राहतात. पाद्रींनी त्याला मीस, म्हणजे वेदीपुढची उपासना, चालू असताना वाजवायचं काम दिलं. साल्वादोर लाजून लाल झाला. एवढा धिप्पाड गडी.

मग मी मार्थाला पुढे केलं. हिच्यापाशी बायका येतात, चुलीशी बसून रडतात आणि जाताना हलक्या होऊन जातात, कोण खरं बोलतं आणि कोण नाही हे हिला चटकन कळतं, असं सगळं मी पाद्रींना खुलवून सांगितलं. पाद्री हसले. म्हणाले, वेदीवरची वस्त्रं धुवायला कुणीतरी हवंच आहे.

मार्थाने वस्त्रं घरी आणली आणि धुतली. तिला काम आवडलं असावं.

माघ अमावास्या, राखेचा बुधवार

कपाळाला राख लागली. उपवास सुरू झाले.

मीस संपल्यावर पाद्रींनी मला थांबवून घेतलं. ईस्टरच्या आधी प्रत्येकाने कुमसार करायला हवा, म्हणजे आपली पापं पाद्रींपाशी बोलून मोकळं व्हायला हवं. पण पाद्रींना कळणार कसं? ते म्हणाले, अशा वेळी दुभाषी मध्ये बसवायला धर्माची मुभा आहे. पाद्रींवर गुप्ततेचं जे बंधन तेच त्याच्यावर. ऐकलेलं मेलं तरी बाहेर काढायचं नाही. राजाने विचारलं तरी नाही, जीव वाचवायलाही नाही.

शुभवर्तमानावर हात ठेवून मी शपथ घेतली. पाद्री म्हणाले, "कायतान, तुझ्या दानाला याहून मोठं काम नाही." बाहेर आलो तेव्हा आपण बोटभर उंच झालो आहोत असं वाटत होतं.

फाल्गुन शुद्ध २

तोफखान्याचे दरोगे अनंतपंत कपाळाकडे बघून म्हणाले, "परवा राख लावून आला होतात. कुणी गेलं का?" मी उपवासाचं सांगितलं. मग कुमसार म्हणजे काय तेही सांगावं लागलं. माझ्या नव्या कामाचं सांगायचा मोह आवरला नाही हे कबूल करतो.

पंतांनी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकलं. "म्हणजे पाप करणारा एक आणि ऐकणारे दोन. आणि तुम्ही ते देवाला सांगायच्या आधी भाषांतर करता. देवाला मराठी येत नाही वाटतं?"

"देवाला येतं हो. पाद्रींना येत नाही."

"मग तुमची अडचण पाद्रींची आहे, देवाची नाही," पंत म्हणाले आणि कामाला लागले.

या माणसाच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही.

फाल्गुन शुद्ध ४, रविवार

आज पहिला कुमसार. वेदीच्या बाजूला पडदा बांधला होता. पडद्याच्या अलीकडे मी आणि पाद्री, पलीकडे गुडघे टेकलेला माणूस. मला वाटलं होतं लोक रांग लावतील. बरेच दारातूनच परत गेले. म्हातारी मार्सेलीन मला म्हणाली, "तुझ्या लग्नात मी पोळ्या लाटल्यात बाबा, तुला कशी सांगू माझी पापं?" आणि चालती झाली.

साल्वादोर मात्र आला. आत यायच्या आधी त्याने मला बाजूला घेतलं. "कुंपार, दुसरा कुणी मध्ये असता तर मी आलोच नसतो. तू आहेस म्हणून येतोय." त्याने माझा हात दाबला. मला फार बरं वाटलं.

कुमसारात काय ऐकलं ते इथेही लिहायचं नाही. शपथ ती शपथ. माझ्या कामाबद्दल मात्र लिहितो. दुभाष्याने 'तो म्हणतो' असं सांगायचं नसतं, 'मी' म्हणूनच सांगायचं असतं. त्यामुळे दिवसभर मीच सगळ्यांची पापं केली. एका ठिकाणी अडलो. अगदी साधा शब्द, फडकं. त्याला फिरंगीत काय म्हणावं ते वेळेवर आठवेना. शेवटी पाद्रींच्या कमरेला रुंद काळा पट्टा असतो, त्याचाच शब्द वापरून वाक्य जोडलं. पाद्रींना हसू आलं. म्हणाले, असं कुणाला सुचलं नसतं.

एकाला त्यांनी बरंच खोदून विचारलं. बरोबर कोण, किती जण, कुठल्या वाटेने, कधी. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. पश्चात्तापाला एवढी बारीक चौकशी लागते हे मला माहीत नव्हतं. लिस्बनला शिकलेले आहेत, त्यांना जास्त कळतं.

फाल्गुन शुद्ध ८

काल पाद्री कप्तान तावारिसांकडे जेवायला गेले होते. आमच्या गोलंदाजांचे हे कप्तान. मला बोलावणं नव्हतं. जिथे दोघांची भाषा एक, तिथे दुभाष्याचं पान मांडत नाहीत.

आज सकाळी इगर्जीच्या दारात सागवानाच्या दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. कप्तानांनी छपरासाठी दिल्या. पाद्री लहान मुलासारखे ओंडक्यांवरून हात फिरवत होते. त्यांचा आनंद बघून माझेही डोळे भरले. किती वर्षांनी आम्हाला धड छप्पर मिळणार.

मार्थाला सांगितलं. ती वाळलेली वस्त्रं घडी करत होती. म्हणाली, "कप्तानाने आजवर आपल्या माणसांना शिधासुद्धा कधी पुरता दिला नाही. किडका जोंधळा देतो, तोही अर्धा. त्याला एकाएकी देव कसा आठवला?"

"पाद्रींच्या शब्दाचा गुण," मी म्हणालो.

"असेल. कुठल्या शब्दाचा, ते विचारा."

मी रागावलो. जेवण झाल्यावरसुद्धा बोललो नाही. तिला काही फरक पडलेला दिसला नाही.

फाल्गुन शुद्ध १२

साल्वादोरला धरलं.

तो आणि आणखी तिघे आळंदीच्या रस्त्याने उत्तरेला निघाले होते. शिंद्यांची फौज उज्जैनीहून येते आहे, तिच्यात गोलंदाजांना पोटभर मिळतं असं सगळा तोफखाना बोलतो. पहाटे नदीच्या उताराशी कप्तानाची माणसं झाडीत दबा धरून बसली होती. चौघे पाण्यात उतरले आणि अलगद सापडले. दंडाबेडी घालून आणलं. साल्वादोरच्या पाठीवर रबेक बांधलेला होता, तो ओढाताणीत फुटला.

कप्तानाला कळलं कसं? वाट कळली, दिवस कळला, वेळसुद्धा कळली. कुणीतरी सांगितल्याशिवाय हे होत नाही. मला अनंतपंतांच्या कारकुनांचा संशय येतो. ती माणसं भिंतीला कान लावून जगतात.

मला आज काहीच सुचत नाही. बेड्यांचा आवाज कानातून जात नाही.

फाल्गुन पौर्णिमा

शिमगा आहे. गावभर बोंबा चालल्या आहेत आणि आमच्या दारात कुणी येत नाही. सकाळी पाणवठ्यावर मार्थाला पाहून बायका घागरी उचलून निघून गेल्या. चुलीशी येऊन बसणाऱ्यांपैकी कुणी आलं नाही. आधी मला वाटलं, सणाची गडबड असेल. आपल्याला शिमग्याची कसली गडबड, हे नंतर लक्षात आलं.

दुपारी साल्वादोरची रेजिन आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. मी उठून म्हणालो, "या वहिनी."

"भावजी, मी बसायला आले नाही. एकच विचारते. हे सगळं त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं. इगर्जीत गुडघे टेकून सांगितलं तेवढंच. तिथे ऐकायला कोण होतं? एक देव. दुसरे पाद्रीबाबा. तिसरे कोण?"

तिथे काय बोललं गेलं, काही बोललं गेलं की नाही, हेसुद्धा मला सांगता येत नाही. मी म्हणालो, "वहिनी, मी कुणाला काही सांगितलेलं नाही."

"ते तुम्ही आहात म्हणून आत गेले," रेजिन म्हणाली. "माझ्या पोरीला यापुढे धर्मपिता नाही, एवढं सांगायला आले."

ती गेल्यावर मी बराच वेळ दाराशी उभा होतो. मार्थाने मला हाताला धरून आत आणलं. तिने काहीच विचारलं नाही. मला वाटतं मंडळीत तेवढी एकटीच विचारत नाही.

फाल्गुन वद्य ३, रविवार

कुमसाराला एकही माणूस आला नाही. पडद्यामागे मी आणि पाद्री दोघंच बसून राहिलो.

मी त्यांना म्हणालो, लोक मला विश्वासघातकी समजतात. तुम्ही एकदा सांगा, कायतान तसा नाही. पाद्रींनी डोळे मिटले. म्हणाले, "तू नाही म्हणालास तर लोक विचारतील, मग कोण? एक उत्तर दुसऱ्याला ओढून आणतं आणि शेवटी कुमसारातलं बाहेर पडतं. बोलू नकोस. निर्दोष माणसाने गप्प राहून सोसावं, यासारखी सेवा नाही. आता तुझं मौन हेच तुझं दान."

ऐकून मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत मी स्वतःला जवळजवळ संत समजत होतो. वाटेत कुणीतरी कुडामागून शेण फेकलं, ते अंगरख्यावर बसलं, तेही मी नम्रपणे घेतलं. मार्थाने अंगरखा धुवायला घेतला आणि म्हणाली, "पाद्रींना तुमचं बोलणंही कामाचं आणि गप्प बसणंही कामाचं. भाग्यवान आहेत."

फाल्गुन वद्य ९

जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही.

आज तोफखान्यात अनंतपंतांपुढे चौघांची चौकशी होती. कप्तान फिरंगीत बोलणार, पंत मराठीत लिहून घेणार, मध्ये मी. साल्वादोर समोर बेड्यांत उभा. दाढी वाढलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. मला समजलं. बायको काही म्हणो, त्याचा माझ्यावर अजून भरवसा होता.

कप्तानांनी सांगितलं, यांनी क्रूसावर हात ठेवून चाकरीची शपथ घेतली होती. ते मी सांगितलं. मग ते साल्वादोरकडे वळून हसत म्हणाले, "का रे, शपथ म्हणजे काही पोटाला बांधायचा कमरपट्टा नाही, असंच ना?"

फिरंगीत असं कुणी बोलत नाही. त्या भाषेत असं वाक्यच नाही. ते मी जोडलं होतं, पडद्यामागे बसून, पाद्रींच्या पट्ट्याकडे बघून. जगात ते एकाच माणसाने ऐकलं होतं.

पंत म्हणाले, "दुभाषे, काय म्हणाले?"

मला दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. पण डोकं सुन्न झालं होतं आणि जीभ सवयीने चालली. कमरपट्टा तोंडी आलाच नाही, मूळचंच आलं. मी म्हणालो, "शपथ काही पोटाला बांधायचं फडकं नाही."

साल्वादोरने ऐकलं. त्याचेच शब्द, जसेच्या तसे, माझ्या तोंडून, सगळ्यांसमोर. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. त्याने माझ्याकडे परत पाहिलं नाही. पंतांनी त्याला काय काय विचारलं त्या सगळ्याला तो "होय" म्हणाला. जे केलं नाही त्यालाही होय म्हणाला. त्याला आता कशाचंच काही वाटत नव्हतं.

सगळं आटोपल्यावर पंत मला म्हणाले, "कप्तानांच्या तोंडी मराठी वळण छान बसलंय हो. कुणी शिकवलं?" मी तिथून निघालो.

पाद्रींनी सांगितलं. पाद्रींनी. माझ्या तोंडून काढून घेतलं आणि कप्तानाच्या पानात वाढलं. आणि मी त्यांचे प्रश्न विचारत होतो, कोण, किती, कुठल्या वाटेने. ते प्रश्न विचारले ते मीच.

फाल्गुन वद्य ११

मार्थाला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर कुमसारातलं सांगावं लागतं. तिने मात्र काल धुतलेली वस्त्रं स्वतः नेली नाहीत, राखणदाराच्या हाती पाठवली.

आज पाद्रींकडे गेलो. ते नव्या छपराच्या वाशांखाली उभे होते. मी म्हणालो, कप्तानांच्या तोंडी मी माझे शब्द ऐकले.

त्यांचे डोळे भरून आले, खरंच आले, मी जवळून पाहिलं. म्हणाले, जेवताना एक शब्द निसटला. एकातून दुसरा निघाला. कप्तान रागावले असते तर ही जागा, हे छप्पर, ही मंडळी, काहीच उरलं नसतं. मी माणूस आहे, कायतान.

मी म्हणालो, साल्वादोरही माणूस आहे.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. विचारलं, "तू हे कुणाला बोललास का?" मी नाही म्हणालो. "मार्थालाही नाही?" तिलाही नाही. त्यांनी मोठा श्वास सोडला. माझ्या शपथेची त्यांना एवढी काळजी आहे हे पाहून माझा राग थोडा उतरला.

मग म्हणाले, "येत्या रविवारी मी सगळ्यांसमोर बोलतो. हे ओझं आता उतरवायला हवं. तू नेहमीसारखा शेजारी उभा राहा आणि अर्थ सांग."

"काय बोलाल?"

"या मंडळीला सावरेल ते."

माणूस चुकतो. चूक चारचौघांत कबूल करायला छाती लागते. माझा कुंपार यातून सुटणार नाही हे मला माहीत आहे, पण निदान त्याच्या कानावर खरं काय ते जाईल. मी पाद्रींना क्षमा केली. तोंडाने केली, मनाने अजून करायची आहे.

शके १७१४, चैत्र शुद्ध प्रतिपदा

पाडवा. गावात घरोघर गुढ्या. तोफखान्यात पंतांनी सगळ्यांना कडुनिंब आणि गूळ दिला. माझ्या हातावर पाला जरा जास्त ठेवला. "तुम्हीही घ्या. तुमच्या देवाची हरकत नसेल तर."

चौघांचा निकाल लागला. गडावर पाठवायचे, बेड्यांसकट, सुटकेचा हुकूम होईपर्यंत. असे हुकूम लवकर होत नाहीत. सोमवारी नेणार आहेत. मी पंतांना विनवलं, उद्या मीस झाल्यावर मला साल्वादोरची भेट घेऊ द्या. पंत म्हणाले, "मी नाही म्हणणार नाही. पण त्याला विचारलं होतं, कुणाला भेटायचंय का. तो म्हणाला, बायको आणि मुलगी. दुभाष्याला आणू नका, असं मुद्दाम सांगितलंय."

उद्या पाद्री बोलले की रेजिनच त्याला जाऊन सांगेल. मग तो भेटेल. मार्थाला एवढंच म्हणालो, उद्या सगळं निवळणार आहे, तू पुढे बस. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या."

चैत्र शुद्ध २, रविवार

इगर्ज भरली होती. जे कित्येक दिवस आले नव्हते तेही आले. पाद्री बोलणार हे सगळ्यांना कळलं होतं. रेजिन मुलीला घेऊन पहिल्या रांगेत. कप्तान तावारिसांना उजवीकडे खुर्ची. ती पाहून मला वाटलं, पाद्रींची खरंच छाती आहे, कप्तानासमोर कबूल करणार.

पाद्रींनी सुरुवात दानापासूनच केली. देव देतो, आणि माणूस त्याचं काय करतो ते पाहतो. मी सांगत गेलो. माझा आवाज नीट लागला होता. मग ते म्हणाले, आपल्या मंडळीत एक मोठं पाप घडलं आहे, कुमसाराचं बंधन मोडलं आहे. तेही मी सांगितलं. रेजिनने मुलीला जवळ ओढलं.

पाद्री पुढे म्हणाले, "ज्याला देवाने अर्थ सांगण्याचं दान दिलं, त्यानेच ते विकलं. तो माझ्या शेजारी उभा आहे. मी त्याच्यावर विश्वास ठेवला ही माझी चूक, आणि त्याबद्दल मी तुमची क्षमा मागतो. आजपासून त्याला या वेदीपाशी जागा नाही."

आणि थांबले. माझ्यासाठी थांबले. मी सांगून होईपर्यंत वक्ता थांबतो, ती रीतच आहे.

मला सगळं कळलं आणि तरीही मी क्षणभर वाट पाहत राहिलो, की अजून एखादं वाक्य येईल आणि हे उलटेल. आलं नाही. सगळी तोंडं माझ्याकडे वळली होती. त्या इगर्जीत मी, पाद्री आणि कप्तान सोडून कुणालाच काही समजलं नव्हतं. मी वाटेल ते सांगू शकलो असतो. पाद्री कबूल करतात की कप्तानाला त्यांनीच सांगितलं, असं म्हणालो असतो तर रेजिनने माझे पाय धरले असते, आणि ते खरंही असतं. पाद्री आणि कप्तान दोघंही नुसते बघत बसले असते.

पण ते पाद्रींनी म्हटलं नव्हतं. आणि खरं काय ते माझं म्हणून सांगायचं, तर पडद्यामागे कोण काय बोललं ते उघड करावं लागतं.

पाद्री शांत होते. घाईत नव्हते, घाबरलेलेही नव्हते. त्यांना माझी खात्री होती.

मी सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. "ज्याला देवाने अर्थ सांगण्याचं दान दिलं, त्यानेच ते विकलं. तो माझ्या शेजारी उभा आहे." शेवटच्या वाक्याला आवाज फुटला, तो मी घसा खाकरून सावरला आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल म्हणून. रेजिन पदरात तोंड घालून रडली. तिला वाटलं, न्याय झाला. म्हातारी मार्सेलीन मोठ्याने म्हणाली, "बघा, स्वतःच्या तोंडाने म्हणतोय."

घरी आल्यावर मार्थाने पाणी दिलं. "काय म्हणाले होते पाद्री? खरंच तसंच?"

"तसंच."

"मग वेगळं सांगायचं होतं. कुणाला कळणार होतं?"

"वेगळं सांगितलं असतं तर ते म्हणाले तसा मी झालो असतो."

ती चुलीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे त्यांनी तुम्हाला बरोबर ओळखलं होतं." आणि रडायला लागली. सोळा वर्षांत मी तिला रडताना पाहिलेलं नाही. सगळ्या बायकांचं रडणं ऐकून घेणारी ही, हिचं ऐकायला मी एकटाच होतो आणि मला काही बोलता येईना.

एक मात्र मी तिला सांगितलं नाही. मंडळी निघून गेली, मीही पायऱ्या उतरत होतो, तेव्हा पाद्रींनी मागून हाक मारली. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. त्यांनी विचारलं, "लोकांना सगळं नीट समजलं ना?"

मी म्हणालो, "शब्द न् शब्द."

त्यांना मराठी येत नाही. मी सांगितलं त्यावर विश्वास ठेवून त्यांनी समाधानाने मान हलवली आणि मेणबत्त्या विझवायला वळले.